शिसं शोधायला गेलो, सापडलं फ्लोराइड

(या भागात मी जे बोललो ते इथे लिहून काढलं आहे. बोलताना घेतलेले पॉज आणि माझा खोकला काढून टाकला आहे, बाकी जसंच्या तसं.)

आजचा भाग सुरू करण्याआधी एक छोटं काम सांगतो. हातात पाण्याची बाटली असेल तर एक घोट घ्या. घेतला? आता सांगा, हे पाणी चांगलं आहे हे तुम्हाला कशावरून कळलं?

दिसायला स्वच्छ आहे, वास नाही, चव गोड आहे, घरी सगळे हेच पितात. बरोबर? सहा महिन्यांपूर्वी माझंही हेच उत्तर होतं. आज त्याच उत्तराबद्दल बोलायचं आहे.

जे नवीन आहेत त्यांच्यासाठी सांगतो. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. नोकरी पुण्यात, घर यवतमाळ जिल्ह्यात, पांढरकवड्याच्या बाजूचं एक गाव. घरी आई, बाबा आणि माझी चार वर्षांची भाची. ताई आणि भाऊजी दोघंही नोकरीला, म्हणून भाची दोन वर्षांपासून आजी-आजोबांकडे आहे.

गेल्या दिवाळीच्या आधी बाबांनी घराचं काम काढलं. नवीन बाथरूम, नवीन टाकी, नवीन पाइपलाइन. आणि नेमकं त्याच आठवड्यात मी रात्री दोन वाजेपर्यंत अमेरिकेतल्या फ्लिंट शहरावरचे व्हिडिओ बघत बसलो होतो.

फ्लिंटची गोष्ट थोडक्यात सांगतो. मिशिगन राज्यातलं हे शहर. एप्रिल २०१४ मध्ये पैसे वाचवायला शहराचं पाणी बदललं. आधी डेट्रॉइटकडून तलावाचं पाणी यायचं, ते बंद करून फ्लिंट नदीचं सुरू केलं. हे पाणी पाइप जास्त कुरतडणारं होतं. अशा पाण्यात एक रसायन टाकतात, त्याने पाइपच्या आतून पातळ थर बसतो आणि धातू पाण्यात उतरत नाही. ते रसायन टाकलंच नाही. शहरातल्या कितीतरी घरांना जोडणारे जुने पाइप शिशाचे. ते शिसं पाण्यात उतरायला लागलं. लोक तपकिरी पाण्याच्या बाटल्या घेऊन सभांना जायचे, आणि त्यांना सांगितलं जायचं की पाणी सुरक्षित आहे. ऑक्टोबर २०१४ मध्ये जनरल मोटर्सच्या तिथल्या कारखान्याने हे पाणी वापरणं थांबवलं, कारण इंजिनाचे भाग गंजत होते. म्हणजे इंजिनाला चालत नाही म्हणून कारखान्याने पाणी बदलून घेतलं, आणि माणसं तेच पाणी आणखी एक वर्ष पीत राहिली.

हे उघडकीला कसं आलं? लिअॅन वॉल्टर्स नावाच्या एका आईने घरातलं पाणी तपासायला लावलं. २०१५ च्या सुरुवातीला पहिल्या तपासणीत शिसं निघालं एका लिटरला १०४ मायक्रोग्रॅम. तिथे कारवाई सुरू करायची पातळी तेव्हा होती १५. पुढे डॉ. मोना हॅना-अटिशा यांनी लहान मुलांच्या रक्ताचे रिपोर्ट तपासून दाखवले आणि मग सरकार हललं.

तर हे सगळं बघून मी दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांना फोन केला. म्हटलं, "बाबा, पाइप कोणता घेतला?"

बाबा म्हणाले, "पांढरा."

"कंपनी कोणती? त्यावर आयएसआय मार्क आहे का?"

"अरे पाइप हाये तो, औषधाची गोळी नाई. मार्क पाहून काय करू?"

इथे थोडं तांत्रिक बोलतो, कारण माझाही आधी गोंधळ झाला होता. आपल्याकडे गावात शिशाचे पाइप नसतात. आपल्याकडे जुने लोखंडी जीआय पाइप आणि नवीन पीव्हीसी. मग शिसं येतं कुठून? पीव्हीसी हे प्लास्टिक गरम करून पाइप काढताना जळू नये म्हणून त्यात स्टॅबिलायझर टाकतात. त्यातला स्वस्त आणि वर्षानुवर्षं वापरलेला स्टॅबिलायझर म्हणजे शिशाची संयुगं. पाइप नवीन असताना आतल्या पृष्ठभागावरचं थोडं शिसं पाण्यात उतरतं. पाणी आम्लधर्मी असेल, गरम असेल, पाइपात खूप वेळ तुंबून असेल तर जास्त उतरतं. दुसरी जागा म्हणजे पितळी नळ आणि पितळी फिटिंग. पितळ सहज कापलं जावं म्हणून त्यात थोडं शिसं मिसळतात.

यावर आपल्याकडे नियम आहे. पीव्हीसी पाइपमधल्या शिशाच्या स्टॅबिलायझरबद्दल केंद्र सरकारने २०२१ साली नियम काढले. पिण्याच्या पाण्याच्या पीव्हीसी पाइपला भारतीय मानक आहे, त्याचा नंबर ४९८५. तो नंबर आणि आयएसआय मार्क पाइपवर छापलेला असतो. पण तालुक्याच्या दुकानात बिनमार्कचा पाइपही मिळतो, स्वस्त मिळतो, आणि प्लंबर भाऊ तोच आणतात.

शिशाची भीती कशासाठी? शरीराला शिसं आणि कॅल्शियम यातला फरक नीट कळत नाही. शिसं हाडात जाऊन बसतं, आईकडून पोटातल्या बाळाकडे जातं, आणि लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम करतं. मोठ्या माणसापेक्षा लहान मूल चार ते पाच पट जास्त शिसं शोषून घेतं. आपल्या भारतीय मानकात पाण्यातल्या शिशाची मर्यादा आहे एका लिटरला १० मायक्रोग्रॅम. म्हणजे किती? हजार लिटरची टाकी डोळ्यांसमोर आणा. त्या पूर्ण टाकीत तांदळाच्या अर्ध्या दाण्याच्या वजनाएवढं शिसं गेलं की मर्यादा संपली. आणि जागतिक आरोग्य संघटना तर म्हणते की शिशाची सुरक्षित अशी पातळीच माहीत नाही.

घरात चार वर्षांची भाची. मी सुट्टी टाकली आणि गावी गेलो.

मी पोहोचलो त्याच दिवशी घरी एक आरओ विकणारा माणूस आला होता. गल्लीत कुणीतरी पाठवला असेल. त्याने खिशातून पेनासारखा टीडीएस मीटर काढला, आमच्या पाण्यात बुडवला, आकडा आला ३८०. मग त्याने दोन ग्लासांत एक यंत्र ठेवलं, लाइट लावली, आणि दोन मिनिटांत आमच्या पाण्याचा ग्लास तपकिरी, गढूळ झाला. त्याच्या आरओच्या पाण्याचा ग्लास मात्र स्वच्छ. आई घाबरली. म्हणाली, "बापा, हे पेतो का आपण?"

मंडळी, हा प्रयोग तुमच्या घरी कुणी केला असेल तर ऐका. त्या यंत्रात लोखंडाच्या सळया असतात. पाण्यात क्षार असले की वीज वाहते, लोखंड विरघळतं आणि पाणी तपकिरी होतं. ती घाण त्याच्या सळईची आहे, तुमच्या पाण्याची नाही. आरओच्या पाण्यात क्षार कमी, वीज वाहत नाही, म्हणून तो ग्लास स्वच्छ राहतो.

आणि टीडीएस मीटर? तो पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो आणि त्यावरून एकूण क्षारांचा अंदाज देतो. त्याचा सगळ्यात छोटा आकडा म्हणजे १ पीपीएम. शिशाची मर्यादा आहे ०.०१ पीपीएम. म्हणजे मर्यादेच्या शंभर पट शिसं असलं तरी मीटरवर ३८० चे फार तर ३८१ होतील. आमच्या भाषेत सांगायचं तर सर्व्हरचं तापमान बघून कोडमधला बग शोधायचा प्रकार आहे हा.

मी त्या माणसाला चहा पाजून पाठवलं आणि पाणी प्रयोगशाळेत द्यायचं ठरवलं. शिसं तपासायला मोठं यंत्र लागतं, म्हणून एनएबीएलची मान्यता असलेली नागपूरची एक खासगी प्रयोगशाळा शोधली. त्यांनी धातूंसाठी वेगळ्या बाटल्या दिल्या आणि फोनवर नमुना कसा घ्यायचा ते सांगितलं. पहिली बाटली पहाटे, रात्रभर नळ न उघडता, पहिल्या धारेची. दुसरी त्याच नळाची, पण दोन-तीन मिनिटं पाणी सोडून दिल्यावर. पहिल्या बाटलीत पाइपात आणि नळात रात्रभर बसलेलं पाणी येतं, दुसरीत टाकीचं. दोन्ही आकड्यांत फरक आला तर समजायचं, गडबड पाइपात किंवा नळात आहे. मला हे फार आवडलं, कारण आम्ही डिबगिंग असंच करतो. एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

तिसरी बाटली मी जाता जाता घेतली, थेट बोअरची. प्रयोगशाळेतल्या ताई म्हणाल्या, "पांढरकवड्याकडचे ना तुम्ही? मग फ्लोराइड पण करून घ्या." मी हो म्हटलं. अगदी सहज. चौथी बाटली ग्रामपंचायतीच्या नळाची दिली, तुलना करायला.

आठ दिवसांनी रिपोर्ट व्हॉट्सअॅपवर आला. मी ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये होतो. आधी शिसं बघितलं. पहाटेची पहिली धार ६ मायक्रोग्रॅम. पाणी सोडून दिल्यावर यंत्राला दिसलंच नाही. म्हणजे पाइप किंवा नळ थोडं शिसं देतोय, पण मर्यादेच्या आत. मी हुश्श केलं. मग खालची ओळ बघितली.

फ्लोराइड, बोअर, एका लिटरला २.४ मिलिग्रॅम. मर्यादा १. दुसरा काहीच स्रोत नसेल तर जास्तीत जास्त १.५.

ग्रामपंचायतीच्या नळाचं, ०.६.

ज्या शत्रूसाठी मी सुट्टी टाकून गावी गेलो तो जवळपास नव्हताच. आणि जो होता, त्याचं नाव मला लहानपणापासून माहीत होतं.

हे सांगायला थोडं जड जातं. शाळेत आमच्या वर्गात बाजूच्या पोडावरचा एक मुलगा होता. त्याच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे होते. एकट्याच्या नाही, त्या पोडावरच्या जवळपास सगळ्या पोरांच्या. आमचे एक मास्तर त्याला सगळ्यांसमोर म्हणायचे, "दात घासत जा रे." आम्ही हसायचो. मीही हसायचो. तो रोज दात घासायचा. त्याच्याकडे हँडपंपाचं पाणी होतं, एवढाच त्याचा दोष. आजही कुणाच्या लग्नाचे फोटो बघा, तो हसताना तोंडावर हात ठेवतो.

वणी, मारेगाव, झरी-जामणी, पांढरकवडा, आपल्या जिल्ह्याचा हा पट्टा फ्लोराइडसाठी ओळखला जातो. इथल्या खडकांमध्ये फ्लोराइड असलेली खनिजं आहेत. बोअर जितकी खोल, तितकं ते पाणी खडकाशी जास्त वर्षं राहिलेलं. त्यात कॅल्शियम कमी असेल तर फ्लोराइड आणखी सहज विरघळतं, कारण कॅल्शियम त्याला पकडून खाली बसवतं. आणि इथे खरी गंमत आहे. कॅल्शियम कमी म्हणजे पाणी मऊ. मऊ पाणी गोड लागतं. मऊ पाण्यात डाळ लवकर शिजते, साबणाला फेस येतो.

आमच्या बोअरची ख्याती हीच होती! "यांच्या पान्यात तुरीची डाळ दोन शिट्ट्यात शिजते." गल्लीतल्या बाया मुद्दाम आमच्याकडून स्वयंपाकाचं पाणी न्यायच्या. पंचायतीच्या नळाला ब्लिचिंग पावडरचा वास येतो म्हणून ते पाणी भांडी घासायला.

२०१३ च्या उन्हाळ्यात बाबांनी कर्ज काढून ही बोअर मारली. पाणी लागलं तेव्हा पेढे वाटले होते. आणि त्या दिवसापासून गेटच्या बाहेर एक नळ काढून ठेवला. कुणीही या, भरून न्या. पैसे नाही, विचारायचं नाही. दरवर्षी एप्रिल-मेमध्ये आमच्या गेटसमोर गुंडांची रांग लागते. बाबांनी आयुष्यात एक गोष्ट अभिमानाने सांगितली असेल तर ती ही.

आता या माणसाला मी फोनवर काय सांगू?

मी परत गावी गेलो. रिपोर्टची प्रिंट काढून नेली. बाबांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. मग म्हणाले, "बारा वर्षं झाले. अख्खी गल्ली पेते हे पानी. कोनाले काय झालं?"

मी म्हटलं, "बाबा, यानं कुणी लगेच आजारी पडत नाही. हळूहळू होतं."

दातांचं असं आहे की दाताचा वरचा थर, ज्याला इनॅमल म्हणतात, तो हिरडीच्या आत लहानपणीच तयार होतो, साधारण आठ वर्षांपर्यंत. त्या काळात फ्लोराइड जास्त गेलं तर दात डाग घेऊनच बाहेर येतात आणि ते डाग घासून जात नाहीत. बोअर मारली तेव्हा मी मोठा झालो होतो, म्हणून माझे दात पांढरे. माझं नशीब, बाकी काही नाही. हाडांचं व्हायला आणखी वर्षं लागतात, पाणी जास्त खराब असावं लागतं. सांधे आखडतात, कंबर वाकत नाही, आणि आपण म्हणतो वय झालं. उलट थोडं फ्लोराइड दातांना चांगलं, म्हणून तर टूथपेस्टमध्ये असतं. सगळा खेळ किती आहे याचा.

बाबा काही बोलले नाहीत. अंगणात भाची खेळत होती. तिचे दुधाचे दात. पक्के दात आत्ता, या क्षणाला, आत तयार होत आहेत. बाबांनी तिच्याकडे बघितलं आणि विचारलं, "उकळून देल्लं तर?"

तुम्हीही हे विचाराल, म्हणून नीट सांगतो. उकळल्याने जंतू मरतात. फ्लोराइड आणि शिसं जात नाही. पाणी आटतं, म्हणजे उरलेल्या पाण्यात त्यांचं प्रमाण उलट वाढतं. तुरटी फिरवून, कापडाने गाळून, साध्या कँडल फिल्टरनेही फ्लोराइड जात नाही.

मग जातं कशाने? आरओने बरंच जातं. पण घरगुती आरओ एक लिटर पाणी देताना साधारण दोन-तीन लिटर नालीत सोडतो. आपल्या जिल्ह्यात हे परवडतं का? २०१८ च्या उन्हाळ्यात यवतमाळ शहरात पाण्यासाठी काय हाल झाले ते आठवा. दुसरा उपाय अॅक्टिव्हेटेड अॅल्युमिनाचा फिल्टर, पण त्याचं माध्यम वेळोवेळी धुऊन पुन्हा तयार करावं लागतं. तिसरा आपल्या नागपूरच्या नीरी संस्थेने शोधलेला, नालगोंडा पद्धत. तुरटी, चुना आणि ब्लिचिंग पावडर ठरलेल्या प्रमाणात मिसळायची, ढवळायचं, गाळ बसू द्यायचा, वरचं पाणी घ्यायचं. स्वस्त आहे, पण प्रमाण चुकलं तर उपयोग नाही.

आणि चौथा उपाय सगळ्यात सोपा. दुसरं चांगलं पाणी जवळ असेल तर ते प्यायचं. आमच्याकडे ते होतं! पंचायतीचा नळ, ०.६. ज्याला वास येतो म्हणून आम्ही बारा वर्षं नाकं मुरडली. तो वास क्लोरीनचा. भांडं थोडा वेळ उघडं ठेवलं की बराच जातो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो तर बाबा गेटबाहेर बसले होते, हातात ऑइल पेंटचा लाल डबा. नळाच्या मागच्या भिंतीवर त्यांनी मोठ्या अक्षरात लिहिलं, "हे पाणी पिण्यासाठी व स्वयंपाकासाठी नाही. वापरायला न्या." मग रांगेत आलेल्या प्रत्येक बाईला स्वतः सांगत होते. एक काकू म्हणाल्या, "भाऊ, आता पानी द्यायचं नाई म्हणून सांगता का हे?" ते ऐकून बाबांचा चेहरा जो झाला तो मी विसरू शकत नाही. त्यांनी रिपोर्टचा कागद आणून दाखवला. काही जणींनी ऐकलं, काही अजूनही रात्री हळूच स्वयंपाकाला तेच नेतात, कारण डाळ. हे काम एका दिवसात होत नाही.

मला एक गोष्ट फार लागली. ग्रामपंचायतीचे स्रोत तपासले जातात. आमच्या पंचायतीला हिरवं कार्ड आहे, जलसुरक्षक आहेत, गावातल्या बायकांना तपासणीचं किट वापरायला शिकवलं आहे. त्या किटमध्ये फ्लोराइडची तपासणीही असते. पण खासगी बोअर कुणाच्याच यादीत नसते. ती तुम्ही मारली, तुम्हीच तपासायची. आणि आमच्यासारख्या कितीतरी बोअरचं पाणी गल्लीच्या गल्ली पितात.

तर आता तुमच्यासाठी, मोजून पाच गोष्टी.

एक. घरी बोअर किंवा विहीर असेल तर वर्षातून एकदा तपासा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची प्रयोगशाळा जिल्ह्याच्या ठिकाणी असते. फ्लोराइड, नायट्रेट, क्षार, जंतू, एवढं तिथे होतं. त्याआधी किटवर बघायचं असेल तर जलसुरक्षकांना भेटा.

दोन. किटवर शिसं कळत नाही. घर जुनं असेल, पाइप नवीन पण बिनमार्कचा असेल, घरात गरोदर बाई किंवा लहान मूल असेल तर धातूंची तपासणी वेगळी करून घ्या. दोन बाटल्यांची पद्धत लक्षात ठेवा.

तीन. सकाळी पहिली धार प्यायला घेऊ नका. ती बादलीत धरा, झाडांना घाला, फरशी पुसा. वाया घालवू नका, फक्त पिऊ नका.

चार. नवीन पाइप घेताना आयएसआय मार्क आणि ४९८५ बघा. काळा एचडीपीई पाइप घेतला तर त्याला शिशाचा स्टॅबिलायझर लागतच नाही.

पाच. टीडीएसचा आकडा बघून घाबरू नका, आणि निवांतही होऊ नका.

आमच्याकडे आता काय? पितळी नळ बदलला. प्यायला पंचायतीचं पाणी. भाचीच्या शाळेच्या बाटलीतही तेच. तिचे पक्के दात यायला अजून दोन-तीन वर्षं आहेत. दोन वर्षं ती बोअरचं पाणी प्यायली, त्याचं काय होईल ते तेव्हा दिसेल. आई रोज न चुकता तिला दूध देते, कारण मी एकदा म्हटलं होतं की कॅल्शियम चांगलं.

आणि त्या मित्राला मी फोन केला होता. शाळेतल्या हसण्याबद्दल सॉरी म्हणायला. तो म्हणाला, "जाऊ दे बे. ते सोड. माझ्या पोराचं पानी कुठं तपासायचं ते सांग." त्याचा नमुना गेल्या आठवड्यात दिला.

तुमच्या गावचं पाणी तपासलंत तर आकडा मला व्हॉइस नोटवर पाठवा. पुढच्या भागात वाचून दाखवीन, नाव न घेता. भेटूया. काळजी घ्या, आणि घरी फोन करून विचारा, आपण पाणी कुठलं पितो?